पौर्णिमेचे उधाण आणि आमची अलिबागची सहल

आपल्या घरांतून प्रवास होतो, सहल क्वचितच होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २० मार्चला महाड, जमले तर अशोक विजयादशमीला नागपूर, शिवाय गावाकडची लग्ने आणि मयती. गाडीच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून बसायचे, भाकरी-चटणी बांधून न्यायची आणि काम झाले की परत फिरायचे. त्या प्रवासांची थोरवी वेगळी, ती कायम राहणार. पण नुसत्या हवापालटासाठी, मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन दोन रात्री बाहेर राहायचे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना अजून चैनीची वाटते. माझ्या सासूबाईंना तर ती गुन्ह्यासारखीच वाटे. "कामाबिगर कुठं जायचं असतं व्हय?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

म्हणूनच २०२३ च्या एप्रिलमध्ये एका रात्री भांडी आवरताना त्या स्वतःहून बोलल्या, तेव्हा आम्ही सगळे चकित झालो. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया जूनमध्ये ठरलेली. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आदी एकदा कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जायचंय. बा सांगायचा, पाणी हटलं की वाट निघते. मी कधी पायलीच नाय."

माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. तो म्हणाला, "आजी, कुलाब्याला कुठला किल्ला? तिथे तर बसचा डेपो आहे!"

मुंबईतला कुलाबा वेगळा आणि अलिबागचा कुलाबा वेगळा, हे त्याला समजावून सांगावे लागले. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात जो किल्ला आहे त्याचे नाव कुलाबा. पूर्वी साऱ्या जिल्ह्यालाच कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. सासूबाईंचे माहेर त्याच जिल्ह्यातले, पोयनाडच्या बाजूचे खारेपाटातले एक खेडे. लग्न होऊन त्या मुंबईला आल्या, विक्रोळीत संसार केला, तीस वर्षे एका शाळेत झाडलोट केली. माहेरी आता कोणी उरलेले नाही. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनच प्रकारे पाहिला होता. एक लहानपणी, बांध फुटून खारे पाणी भातशेतात घुसले तेव्हा. आणि दुसरा ६ डिसेंबरला दादरला, लाखोंच्या गर्दीतून. मजेसाठी समुद्रावर जाणे त्यांना ठाऊकच नव्हते.

बुद्धपौर्णिमा त्या वर्षी ५ मे रोजी, शुक्रवारी आली होती. आमच्या ह्यांनी शनिवारची रजा टाकली आणि तीन दिवस हाताशी आले. हे, मी, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी, मुलगा, कामावरून सुट्टी मिळवलेला पुतण्या आणि सासूबाई, अशी सहा माणसे निघाली.

खीर पुढे गेली

पहाटे घरी वंदना झाली. सणाची खीर मोठ्या डब्यात भरली. साडेसहाला घर सोडले, लोकलने बोरीबंदर गाठले, तिथून बसने गेटवे. मांडव्याच्या लाँचचे तिकीट काढले की पुढचा अलिबागपर्यंतचा बसप्रवास त्यातच येतो, ही आपल्यासारख्यांना सोयीची गोष्ट. लाँचला साधारण तास लागतो. सासूबाई कठड्याशी बसल्या आणि तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. मुंबईच्या इमारती लहान लहान होत गेल्या तशी त्यांची मान वळत राहिली.

पहिली फजिती मांडव्याला झाली. पुतण्या चपळ. लाँच लागताच तो सामान घेऊन पुढे धावला, बसमध्ये पिशव्या ठेवून सहा जागा धरल्या आणि आजीला हात द्यायला पुन्हा धक्क्यावर आला. मांडव्याचा धक्का लांबलचक आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना तो पार करायला पाव तास लागला. आम्ही पोचलो तेव्हा बस भरून निघून गेली होती. आम्ही सहाही जण मांडव्याला आणि कपडे, औषधे, खिरीचा डबा अलिबागच्या वाटेवर! दोष कोणाला द्यायचा? माणसांच्या आधी सामान चढवू नये, एवढाच धडा.

पुढच्या बसने आम्ही बाराच्या सुमारास अलिबागला उतरलो. पिशव्या जपून ठेवलेल्या होत्या. कंडक्टरने "पोरांची आई कोण?" असे विचारून त्या माझ्या हवाली केल्या. सगळे जसेच्या तसे होते, फक्त मे महिन्याच्या उन्हात खीर फसफसली होती. सणाची खीर नाल्यात ओतताना सासूबाईंना फार वाईट वाटले. दुधाचा पदार्थ उन्हाळी प्रवासात नेऊ नये, हा दुसरा धडा.

तसेच चालत किनाऱ्यावर गेलो. समोर किल्ला दिसत होता. काळा दगड, रुंद तट, हाताच्या अंतरावर असल्यासारखा. पण वाट कुठेच नव्हती. किनाऱ्यापासून तटापर्यंत नुसते पाणी, तेही चांगले उसळणारे.

सासूबाईंनी पदराने डोळ्यांवर सावली केली आणि पाहत राहिल्या. म्हणाल्या, "बा खोटं सांगायचा का मग?"

"खोलीत पाणी नाही"

मुक्कामाची खोली पुतण्याच्या मित्राने फोनवरून ठरवली होती. एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी दोन खोल्या, आगाऊ पैसेही दिलेले. दारात बाईंनी हसून स्वागत केले, बसायला खुर्च्या दिल्या. मग नोंदीसाठी आधार कार्डे मागितली. आडनाव वाचले. दुसरे कार्ड वाचले. "मूळचे कुठले तुम्ही?" असे विचारले. कार्डे घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या, पंपाची मोटर जळली आहे, खोल्यांना पाणी नाही, म्हातारे माणूस बरोबर आहे, तुमची गैरसोय होईल. आगाऊ पैसे त्यांनी लगेच परत केले.

मोटर खरोखर जळली असेल. मे महिन्यात मोटरी जळतात. पण मागच्या अंगणात नळाखाली बादली भरत असल्याचा आवाज आम्हा सहाही जणांना ऐकू येत होता.

पुतण्या भांडायच्या तयारीत होता. मुलगी म्हणाली, "काका, आम्हाला नागरिकशास्त्रात आहे. घटनेच्या पंधराव्या कलमात हॉटेलं पण आहेत आणि तलाव-विहिरी पण आहेत." मी काही बोलणार तोच सासूबाई खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. "चल रं. जिथं पाणी असंल तिथं जाऊ." त्या काठी टेकत पायऱ्या उतरल्या आणि मागे पाहिले नाही.

बोलायला हवे होते का? मी आजही स्वतःला विचारते. त्या दिवशी आमच्याजवळ पुरावा नव्हता आणि एक थकलेले माणूस सोबत होते. पण तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे. खोली ठरवताना फोनवरच आपले पूर्ण नाव, गाव आणि माणसे किती हे ठणकावून सांगायचे. कोणाला नाही म्हणायचे असेल तर त्याने तेव्हाच म्हणावे. सामान आणि म्हातारे माणूस घेऊन दारात उभे राहण्याची पाळी नको.

अलिबाग म्हणजे तेवढे एकच घर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दुपारभर सुट्टीच्या गर्दीत खोल्या शोधल्या, सगळ्या भरलेल्या. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर एका रिक्षावाल्याने आम्हाला कोळीवाड्यात आणून सोडले. तिथल्या मावशींनी ना आडनाव विचारले, ना गाव. सासूबाईंच्या पायांकडे पाहिले आणि विचारले, "आये, खाली बसशील का खाट टाकू?" वरची एक खोली आणि पडवी मिळाली. रात्री तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण मिळाले. हंड्यात पाणीही भरपूर होते.

तिथीची पाऊणपट

जेवताना आम्ही किल्ल्याची कथा सांगितली. मावशी हसायला लागल्या. "पुनवेला बारा वाजता गेलता? मंग पानी भरनारच की!"

आणि त्यांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. वाचकांनीही लिहून ठेवावे म्हणून येथे देते.

समुद्राची भरती चंद्राच्या ओढीने येते, हे शाळेत शिकवतात. पण ती किती वाजता येईल हे कोळी लोक बोटांवर काढतात. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. म्हणजे तिथीची पाऊणपट. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. कोकणात तिला सुकती म्हणतात. पुन्हा सहा तासांनी भरती. तिथी दोन्ही पंधरवड्यांत एकापासूनच मोजायची.

अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला सुकती. पौर्णिमा असेल तर पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास समुद्र काठोकाठ. वाट निघायची ती संध्याकाळी पाच-साडेपाचला. आम्ही नेमके तेव्हा खोल्या शोधत फिरत होतो!

माझ्या मुलीने आणखी एक गोष्ट काढली. "आई, आपला सण तर नेहमीच पौर्णिमेला असतो. म्हणजे बुद्धपौर्णिमेला आपण कधीही दुपारी आलो असतो, तरी पाणीच मिळालं असतं." खरेच होते. वैशाखी, आषाढी, कोणतीही पौर्णिमा घ्या, या किनाऱ्यावर दुपारी भरतीच असणार. इतकी वर्षे पौर्णिमा पाळतो आहोत, पण हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मात्र पौर्णिमा-अमावस्येची दुसरी बाजूही मावशींनी सांगितली. त्या दिवसांत उधाण असते. भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. पाणी खूप मागे जाते आणि किल्ल्याची वाट स्वच्छ निघते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, वाटेत ते उरते. "रविवारी सकाळी उठा," मावशी म्हणाल्या. रविवारी वद्य द्वितीया होती. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास सुकती. शनिवारी सकाळीही जाता आले असते, पण सासूबाईंचे गुडघे मांडव्याच्या धक्क्याने सुजले होते.

चौल, रेवदंडा आणि उलटी गाडी

शनिवारी सासूबाई मावशींकडे राहिल्या आणि आम्ही चौल-रेवदंड्याला गेलो. चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतले शांत गाव आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते नावाजलेले बंदर होते. ग्रीक-रोमन लेखकांच्या पुस्तकांत ते सिमुल्ला अशा नावाने येते, आणि कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत चेमूल या नावाने. त्या काळी चेमूलचे लोक कान्हेरीच्या भिक्खूसंघाला दान देत. मुंबईकरांना कान्हेरी माहीत असते, पण तिच्या दात्यांचे एक गाव समुद्रापलीकडे इतक्या जवळ आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. पोर्तुगिजांच्या कोटाचे पडके तट आणि उंच मनोरा मुलांनी डोळे भरून पाहिला.

परतताना तिसरी फजिती झाली. अलिबाग आणि मुरूड ही दोन्ही नावे पाटीवर पाहून आम्ही एस.टी.त चढलो. गाडी गच्च भरलेली. खाडीवरचा पूल लागला तेव्हा हे म्हणाले, "येताना पूल नव्हता." गाडी मुरूडला चालली होती! कंडक्टरने साळावला उतरवले. उलट गाडीची वाट पाहत तासभर उभे राहिलो. पण त्या तासात समोर कोर्लईचा किल्ला उन्हात चमकताना दिसला, आणि मुलाने खाडीत होड्या मोजल्या. चढण्याआधी पाटी वाचून भागत नाही, "कुठे चालली?" असे तोंडाने विचारावे लागते.

अलिबागला आल्यावर इस्रायल आळीतून पायी गेलो. बेने इस्रायल ज्यूंची ही जुनी वस्ती. पूर्वी ते तेलाच्या घाण्यांचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचे प्रार्थनास्थळ तिथे आजही आहे. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण आडनावात रायगडची गावे घेऊन गेली. किनाऱ्याजवळ भूचुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक मापनांत अडथळा येणार होता. म्हणून १९०४ साली ही वेधशाळा येथे आणली. मुंबईचा कुलाबा आणि अलिबागचा कुलाबा यांचे असेही नाते आहे, हे ऐकून मुलगा खूश झाला.

घरी आलो तर अंगणात सुकट वाळत होती आणि सासूबाई मावशींबरोबर ती निवडत बसल्या होत्या. पावसाळ्याआधी सुकवून ठेवायची घाई असते. दोघींचे बोलणे समुद्राचेच चालले होते, पण दोन बाजूंचे. मावशींना समुद्र पोसतो. सासूबाईंच्या गावाला समुद्र अडवून धरावा लागे. खारेपाटात बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे आणि आत भात पिकवायचे. बांध फुटला की सारे गाव रात्री-अपरात्री चिखल आणि पेंढा घेऊन धावे. "बांध आमी घालायचा आनि भात मालकाच्या वखारीत," सासूबाई म्हणाल्या. "भरतीची येळ बाला ठावी असंलच. मला सांगायची राहून गेली."

कुलाब्याचे गोडे पाणी

रविवारी पहाटे सहाला निघालो. किनाऱ्यावर आलो आणि सगळे थांबलो. काल-परवाचा समुद्र तिथे नव्हताच. ओली, कडक वाळू, मध्ये मध्ये काळे खडक, आणि त्यांच्यामधून थेट किल्ल्याच्या दरवाजाकडे गेलेली वाट.

सासूबाईंनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. एका बाजूला नातू, एका बाजूला काठी. सरळ माणसाला पंधरा-वीस मिनिटे लागतील, त्यांना पाऊण तास लागला. तीनदा खडकावर बसल्या. एकदा मी म्हणाले, "आई, इथूनच बघू या का?" त्यांनी उत्तर दिले नाही, फक्त काठी पुढे टाकली. मधल्या चिखलात मुलाची एक चप्पल रुतली ती निघालीच नाही. ती बहुधा अजून तिथेच असेल.

या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० च्या सुमारास सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे हे आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाले. बाहेरच्या तटाचे प्रचंड दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते, तिचा जोर मोडतो आणि तट उभा राहतो. हे ज्या गवंड्यांनी आणि दगड वाहणाऱ्यांनी केले त्यांची नावे कुठेच नाहीत.

आत गेल्यावर एक बांधीव तलाव लागतो. चारही बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. सासूबाई पायरीवर बसल्या.

मी त्यांना सांगितले की १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला जी परिषद भरली, जिच्यानंतर बाबासाहेब सगळ्यांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तिचे नाव होते कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. नाव या जिल्ह्याचे आणि जिल्ह्याला नाव या किल्ल्याचे.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "बाचा थोरला चुलता गेलता महाडला. चालत. येताना पाय सुजले, पण सांगायचा काय तर पाण्याची चव." मग पायरीवरूनच वाकून त्यांनी हात भिजवले आणि तोंड धुतले. नातवाला म्हणाल्या, "परवा त्या बाईकडं पाणी नव्हतं, न्हाई का? हितं बघ किती हाय."

आम्ही कोणी काही बोललो नाही. हे पलीकडे तोंड करून उभे राहिले.

सुकती होऊन गेली होती. मावशींनी बजावले होते की पाणी फिरले की रेंगाळू नका. भरती समोरूनच येते असे नाही, मागच्या सखल भागातून आधी वाट अडवते. सव्वाआठला निघालो. सासूबाईंचे पाय आता उचलत नव्हते, म्हणून त्यांना घोडागाडीत बसवले. किनाऱ्यावर अशा गाड्या मिळतात. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "लग्नात बी बसले नव्हते!" आम्ही मागून चालत आलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत आले होते.

परतीचा रस्ता

परतीला एस.टी. धरली, कारण लाँचचा धक्का पुन्हा चालणे शक्य नव्हते. पोयनाडच्या आसपास सासूबाईंनी खिडकीतून बोट केले. तिकडे चरी गाव आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी जमीन कसायचे नाकारले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. उपासमार सोसली, पण संप मोडला नाही. बाबासाहेबांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मुलांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. आजीच्या तोंडून वडखळच्या वाहतूक कोंडीत ऐकले. गाडी तिथे दीड तास उभी होती. ती कोंडी एरवी शापासारखी वाटली असती.

जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. सासूबाई आता काठी घेऊन विहारापर्यंत जातात, वाळूत चालणे मात्र डॉक्टरांनी मना केले आहे. पण रोज सकाळी नातीला विचारतात, "आज तिथी काय?" आणि ती सांगायच्या आत हिशोब करून म्हणतात, "मंग धाला वाट निघंल."

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून सहलीचा दिवस ठरवावा. किल्ल्यात चालत जायचे तर पौर्णिमा-अमावस्येच्या लगतचे दिवस निवडावेत, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. पाऊणपटीचा हिशोब हा ठोकताळा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा हा बेत करू नये.

लाँचमध्ये चढताच जीवरक्षक जाकीट कुठे आहे ते पाहावे आणि मुलांना घालावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. जाकीट मागायला लाजू नये.

दोन दिवस नसतील तर घारापुरी एका दिवसात होते. ते बेटही रायगड जिल्ह्यातच येते. तिथली मोठी शैव लेणी सगळे पाहतात, पण पलीकडच्या टेकडीवर जुन्या विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, तेही पाहावेत. सोमवारी तिथली लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. आणि तीन दिवस असतील, गुडघे शाबूत असतील, तर राजपुरीच्या खाडीवरची कुडा लेणी पाहावीत. तिथल्या शिलालेखांत राजेरजवाड्यांबरोबर एका माळ्याचे आणि एका वैद्याच्या कुटुंबाचेही दान नोंदवलेले आहे. पुढच्या हिवाळ्यात आमचा बेत तोच आहे. खीर मात्र तिथे पोचल्यावरच करू.

जयभीम!